हिस्टरीबाईंचा तिसरा चौकोन

आमच्या हिस्टरीबाईंचं डोकं दुखत असलं आणि कधीपासून दुखतंय असं तुम्ही विचारलंत, तर "सकाळपासून" असं सरळ उत्तर मिळणार नाही. "चपला घालताना दुखत नव्हतं, जिना उतरताना दुखत होतं," असं मिळेल. त्यानंतर आपलंही दुखायला लागतं.

मुलांच्या मनाच्या आजारांचा दवाखाना आहे आमचा. मी काउंटरवर बसते, नंबर लावते, फोन घेते आणि रिपोर्ट टाईप करते. बाई माझ्या मागच्या खोलीत बसतात. दोघींच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे. पलीकडचा उसासासुद्धा अलीकडे ऐकू येतो. मी ऐकत नाही असं बाई धरून चालतात, रिपोर्ट शेवटी मलाच टाईप करायचाय असं मी धरून चालते, आणि आमचं बरं चाललंय.

बाईंचं काम म्हणजे आलेल्या मुलाची हिस्टरी घ्यायची. काय होतंय, किती होतंय, आणि मुख्य म्हणजे कधी सुरू झालं. डॉक्टर तपासतात, निदान करतात, सही करतात. पण त्या निदानाचा पाया बाईंनी घालून ठेवलेला असतो. म्हणून त्या हिस्टरीबाई. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, ते कुणी वाचत नाही.

शिकत असताना त्या लहान मुलांच्या बुटांच्या दुकानात कामाला होत्या. दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून पोरांच्या पायात बूट चढवायचे आणि संध्याकाळी कॉलेज गाठायचं. नोकरी सुटली तरी स्टूल काही सुटलं नाही. इथेही त्यांनी तसंच एक करून घेतलंय. समोर चिमुरडं पोर असो की पैलवानासारखा बाप, तो वर खुर्चीत आणि बाई खाली स्टुलावर. त्या कुणाला वर्ष विचारत नाहीत. लोकांना वर्ष आठवत नाही, बूट आठवतात, असं त्यांचं म्हणणं. "तेव्हा पायात काय होतं? बक्कलचे की नाडीचे? पुढचे दात होते की पडले होते?" असं विचारत विचारत त्या माणसाला अशा नेमक्या महिन्यात नेऊन उभं करतात, की तो स्वतःच तोंडात बोट घालतो.

घरी त्या भावाकडे राहतात. वहिनी त्यांच्यासमोर कुठलीच गोष्ट सांगत नाही. दूध नासलं एवढं म्हटलं, तरी "उतू गेलं त्याच्या आधी की नंतर?" हे ठरलेलंच. वहिनीने कानाला खडा लावलाय. एकदा फोनवर मला म्हणाली, "अहो, तुम्ही दिवसभर कसं सहन करता हो?" मी म्हटलं, "माझ्या अंगवळणी पडलंय. शिवाय मध्ये पार्टिशन आहे."

आता त्या चौकोनाचं सांगते. आमच्या फॉर्मवर एका आजारापुढे तीन चौकोन आहेत. आजाराचं नाव कंडक्ट डिसऑर्डर. हा साधा द्वाडपणा नाही. मारहाण, चोऱ्या, तोडफोड, मुक्या जनावरांना छळणं, घरातून पळून जाणं, आणि ते पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने. पहिला चौकोन, सुरुवात दहा वर्षांच्या आधी. दुसरा, दहानंतर. तिसरा, सांगता येत नाही. यातलं एकच लक्षण जरी दहाच्या आधी पक्कं सापडलं, तरी पहिल्या चौकोनावर खूण होते. वयात येताना सुरू झालेलं बरेचदा निवळतं, लहानपणापासूनचं असेल तर ते चिवट असतं आणि जास्त काळ मदत लागते, असं डॉक्टर पालकांना समजावतात. पालक त्यातलं "चिवट" तेवढं ऐकतात आणि घरी जातात.

तिसऱ्या चौकोनावर बाईंनी कधीच खूण केली नव्हती. "सांगता येत नाही म्हणजे विचारता आलं नाही," असं म्हणायच्या. दुसऱ्या दवाखान्याच्या कागदावर ती खूण दिसली की नाक मुरडायच्या. एरवी साधी बाई, पण गर्व म्हणाल तर एवढ्याच गोष्टीचा.

मग ती मुलगी आली.

तेराची असेल. सोबत आजी, आईची आई. मुलीने बाकावर बसल्या बसल्या गादीला पडलेलं भोक बोटाने मोठं करायला घेतलं. मी "ए" म्हटलं. तिने माझ्याकडे बघत बघत ते आणखी मोठं केलं. मला ती अजिबात आवडली नाही, सांगून टाकते.

शाळेने पाठवली होती. वर्गातल्या एका मुलीच्या कपाळावर स्टीलची बाटली हाणली, तिला टाके पडले. प्रयोगशाळेच्या कपाटाची काच फोडली. दुसऱ्यांच्या दप्तरातल्या वस्तू पळवायची आणि शपथा घेऊन नाही म्हणायची. घरातून दोनदा निघून गेली, त्यातल्या एका वेळी बसस्टँडवर सापडली. हे सगळं एका वर्षातलं. निदानाबद्दल डॉक्टरांच्या मनात शंका नव्हती. प्रश्न फक्त चौकोनाचा होता, आणि तोच जड होता, कारण शाळेने स्पष्ट कळवलं होतं. दहानंतरचं असेल तर आम्ही तिला वर्गात परत घेऊन बघतो. लहानपणापासूनचं असेल तर आमच्याच्याने होणार नाही, दूरच्या गावी अशा मुलींची निवासी शाळा आहे, तिथे न्या. तिथे घरच्यांना भेटायला क्वचितच सोडतात.

आई त्या दिवशी आली नव्हती, तिला रजा मिळाली नव्हती. लोकांच्या घरी झोपून असलेल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं तिचं काम. नवऱ्याने हात झटकल्यावर ती परगावी गेली होती आणि तिथेच राहायची. तेव्हा मुलगी पाच वर्षांची. परतली तेव्हा दहाची. मधली सगळी वर्षं मुलगी आजीकडे. म्हणजे दहाच्या आतलं जे काही ठाऊक असणार, ते आजीलाच.

"आजी, हिचं हे असं कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"जन्मापासून हो!"

असल्या उत्तराने बाई हलत नाहीत. "एखादी गोष्ट सांगा ना. अगदी डोळ्यांसमोर येते अशी."

आजी म्हणाली, "शेजाऱ्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक उचललं हिने, कट्ट्यावर चढली आणि आमच्या पाण्याच्या उंच पिंपात बुडवलं. वर झाकण ठेवून उभी. बोलेना की हलेना. ह्यांनी बघितलं म्हणून बरं. स्टुलावर चढले, कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढलं त्याला."

"पुढचे दात होते का तेव्हा?"

"दोन पडलेले. त्या तसल्या तोंडाने माझ्याकडे बघून हसली. ते हसू अजून विसरले नाही हो मी." आणि आजी रडायला लागली.

अलीकडे मी मुलीकडे बघितलं. बाकावर ती गादीचा फोम चिमटीने काढून खाली टाकत बसली होती. मला वाटलं, बघ, तरी मी म्हणतच होते.

पडलेले दात म्हणजे सहा-सात वर्षं. मुक्या जनावराला छळणं. एवढं एकच पुरेसं होतं. बाईंनी आजीला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि लिहून घेतलं. एरवी त्या पुढचा प्रश्न विचारतात, तिथे आणखी कोण होतं आणि आता ते कुठे आहेत. आजी रडत होती म्हणून असेल, त्या दिवशी तो राहिला. आजोबा हयात नाहीत एवढं फॉर्मवर होतं. कधीपासून नाहीत ते नव्हतं. आजी त्यांच्याबद्दल अशी बोलत होती, जणू आत्ता खाली किल्ली आणायला गेलेत.

बाईंची आणखी एक पद्धत आहे. लिहिलेली हिस्टरी घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय डॉक्टरांच्या सहीला जाऊ द्यायची नाही. त्यासाठी पुढच्या खेपेला आईला मुद्दाम बोलावलं. ती कामावरून तशीच आली होती. हातांना साबणाचा वास, केस घाईत बांधलेले. आजी तिच्या शेजारी बसली. डॉक्टर दाराला टेकून उभे राहिले, ते नेहमीच निघायच्या तयारीत असतात. मुलगी बाहेर माझ्यासमोर, कानात गाणी लावून.

बाई वाचायला लागल्या. "वय सहा ते सात. शेजारच्या कुत्रीचं पिल्लू पाण्याच्या पिंपात बुडवलं. आजोबांनी स्टुलावर चढून बाहेर काढलं..."

"थांबा," आई म्हणाली. "हे कुणाचं वाचताय?"

"तुमच्या मुलीचं."

"नाही. हे माझं आहे."

मी टाईप करत होते, ती थांबले.

"आई, ते पिल्लू मी बुडवलं होतं," ती आजीला म्हणाली. "बाबांनी मला बदडलं होतं त्यानंतर."

"तू कशाला बुडवशील? तू गुणाची होतीस."

"मी? अगं, मला कोण गुणाची म्हणायचं?"

"मग मी काय खोटं बोलतेय? मला काय वेड लागलंय?" आजीचा आवाज चढला.

डॉक्टरांनी बाईंना खुणेने बाहेर बोलावलं. दोघं माझ्या काउंटरपाशी येऊन कुजबुजले. "आई पांघरूण घालतेय," डॉक्टर म्हणाले. "मुलीला दूर पाठवायचं नाहीये तिला. तिच्या जागी मीही हेच केलं असतं."

"असू शकतं," बाई म्हणाल्या.

मला दोघांचंही पटलं आणि आजीचंही पटत होतं. एवढं सगळं दातांसकट आठवणारी म्हातारी चुकेल कशी? आणि आई तरी स्वतःवर असलं काही उगाच का ओढवून घेईल? घेईलही, आईच ती. माझं डोकं चालेना.

बाई आत गेल्या आणि स्टुलावर बसल्या. या वेळी आईसमोर.

"तेव्हा तुमच्या पायात काय होतं?"

"काही नव्हतं," आई म्हणाली. "बूट नवे होते. भिजू नयेत म्हणून आधीच काढून ठेवले होते."

डॉक्टरांनी दाराचा टेका सोडला आणि ते नीट उभे राहिले असावेत, दार करकरलं. पांघरूण घालणाऱ्या माणसाला हे असलं सुचत नाही, एवढं मलाही कळलं.

"तुमचे वडील कधी गेले?"

"माझ्या लग्नाच्या आधी. हिने त्यांना बघितलेलंच नाही."

"आजी?"

आजीला वेळ लागला. "हे लग्नाला नव्हते," ती हळूच म्हणाली. "नव्हते खरं. मग स्टुलावर कोण चढलं?"

म्हणजे बाईंनी दात बरोबर विचारले होते आणि उत्तरही बरोबर आलं होतं, फक्त दात दुसऱ्याच मुलीचे होते. बाईंनी ती नोंद खोडली, पेनचा आवाज आला. मग विचारलं, "आणि ही कशी होती, आजी? हिचे पुढचे दात पडले होते तेव्हा?"

"ही? ही शांत होती."

"काय करायची?"

"जेवायची. शाळेत जायची. टीव्ही बघायची."

"एखादी गोष्ट?"

आजी आठवत राहिली. आपल्या मुलीचं बालपण तिला हसण्यासकट पाठ होतं, आणि नातीच्या त्या वर्षांतलं तिला काहीही सापडेना. "मी तेव्हा फार आजारी असायचे हो," असं काहीतरी म्हणाली. आई म्हणाली, "मी तर इथे नव्हतेच." जुन्या शाळेला मी स्वतः फोन केला होता. तिथल्या बाईंना ती मुलगी आठवत नव्हती.

तेव्हा बाईंनी कधी करत नाहीत ते केलं. हिस्टरी मोठ्यांकडून घ्यायची, मुलांना बाहेर बसवायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्यांनी दार उघडलं आणि मुलीला आत घेतलं.

"तुला पिल्लाची गोष्ट माहीत आहे?"

"हो. मी बुडवलं."

"नाही गं..." आई म्हणाली.

"मीच बुडवलं. मला आठवतंय ना. पाणी गार होतं. त्याचे केस हाताला लागत होते."

"तुला हे कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"आजी सांगते. काही झालं की सांगते. पिल्लू बुडवणारी तू, तुझ्याकडून दुसरं काय होणार."

"केव्हापासून सांगते?"

"आई यायच्या आधीपासून."

"अगं, तू तेव्हा जन्माला पण आली नव्हतीस," आई म्हणाली. "ते माझं आहे सगळं. तुझं नाहीये, बाळा."

"मग मला कसं आठवतं?"

मला तर आजही कळत नाही. जे केलंच नाही त्याचं पाणी हाताला गार कसं लागतं?

मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मेलं ना ते?"

"नाही गं," आई म्हणाली. "जगलं की. चांगलं मोठं झालं. मला बघितलं की गुरगुरायचं, म्हातारं झालं तरी गुरगुरायचं."

"जगलं?" ती आजीकडे वळली असणार. "जगलं, हे का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?" आजी म्हणाली.

मुलीने खुर्चीला अशी लाथ मारली की पार्टिशन हललं आणि माझं कॅलेंडर खाली आलं. मग ती बाहेर आली, बाकावर बसली आणि गादीच्या त्या भोकावर तळहात दाबून धरला. मी "ए" म्हटलं नाही. मला तिची फार दया आली, आणि ते फोम काढतानाचं तिचं बोट आठवून परत थोडा रागही आला.

घरची मंडळी गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "चला, सुटलं. दहाच्या आधीचं काही नाही, तर दुसरा चौकोन."

"नाही असं कुठे म्हणता येतंय?" बाई म्हणाल्या. "बघायलाच कुणी नव्हतं."

"शाळेला उत्तर हवंय."

"मला पण हवंय."

डॉक्टर खांदे उडवून पुढच्या पेशंटकडे गेले. मला राहवलं नाही. मी आत डोकावून म्हटलं, "बाई, करा ना दुसऱ्यावर खूण. पोरगी आईजवळ राहील."

"म्हणजे तू ऐकत होतीस," त्या म्हणाल्या.

"ऐकायला लागतं. रिपोर्ट कोण टाईप करणार?"

त्या हसल्या नाहीत. "आजीने तिच्या नावावर दुसऱ्याचं पिल्लू घातलं. मग मी त्याला तारीख घातली. आता तिच्या भल्यासाठी म्हणून मी आणखी एक ठोकून देऊ? पुढच्या वेळी कुणी हा कागद उघडला, तर त्याला काय कळेल तिच्याबद्दल?"

मला ते पटलं नाही, आणि खोडूनही काढता आलं नाही. संध्याकाळी त्यांनी फॉर्म माझ्याकडे दिला. तिसऱ्या चौकोनात खूण होती. एवढी जोरात केलेली की मागच्या पानावर उमटली होती. त्याखाली एक ओळ: आधीची नोंद आईच्या बालपणाची निघाली, मुलीच्या त्या वयाबद्दल सांगणारं कुणी मिळालं नाही.

रिपोर्ट पोचल्यावर मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या वैतागलेल्या होत्या. "सांगता येत नाही म्हणजे आम्ही काय समजायचं?"

फोन बाईंनी घेतला. "आम्हाला कळलेलं नाही, असं समजायचं," त्या म्हणाल्या. "कळेपर्यंत तिला वर्गात बसू द्या. दर आठवड्याला ती आणि तिची आई माझ्याकडे येतील. काही झालं तर मला लगेच सांगा." बराच वेळ पलीकडून नुसतं हं-हं चाललं होतं. शेवटी हे सत्र संपेपर्यंत घेऊन बघू, एवढ्यावर ठरलं. म्हणजे सुटलंही नाही आणि अडकलंही नाही. आमच्याकडे बरंच काही असंच असतं.

पुढच्या आठवड्यात मायलेकी आल्या. शाळेत परत गेल्यापासूनच्या चार दिवसांत एक वही फाटली होती, कुणाची ते कळत नव्हतं आणि ही शपथा घेत होती. आई माझ्यासमोर बाकावर बसली. आता आईला बाहेर बसवायचं होतं. तिला त्या गादीचं भोक दिसलं आणि तिने त्यावर आपली पिशवी ठेवली.

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"तू सहा वर्षांची होतीस," बाई म्हणाल्या. "पिल्लू नाही, आजी नाही, तुझं तुझं सांग. पायात काय होतं?"

काउंटरवरचा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही, वाजून वाजून बंद पडू दिला. आई मान वर करून पार्टिशनकडे बघत होती.

"बूट," मुलगी म्हणाली. "काळे. मोठे होते."

"किती मोठे?"

"पुढे कापूस घालायला लागायचा. आजीने मोठेच घेतले. म्हणाली, आई येईपर्यंत पुरले पाहिजेत."

"मग पुरले का?"

"नाही," ती म्हणाली.